गुडघ्याचं निमित्त : एका निवृत्त बसचालकाचं प्रकरण

वय ६३. शहर बस चालवून ५८ व्या वर्षी निवृत्त. राहणार नायगाव, बीडीडी चाळ. तरुणपणी कबड्डी, तीही मंडळाकडून मुंबईभर खेळलेली. खेळणं थांबल्यावर पंच. तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली. रक्तदाबाची एक गोळी चालू. घरी दोघंच; मुलगा, सून आणि नात बदलापूरला. इथे त्यांना नाना आणि त्यांच्या पत्नीला वहिनी म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नानांनी आणि वहिनींनी लिहायला होकार दिला, नानांनी एका अटीवर : 'कबड्डी मात्र ठेवा.'

माझ्याकडे ते आले तेव्हा लघवीची नळी नुकतीच निघाली होती आणि हातात महापालिका रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड होतं. कार्डावर लघवी तुंबल्याचा प्रकार दोन ओळींत होता. त्याआधीची अडीच वर्षं कुठेच नव्हती. ती नाना आणि वहिनी या दोघांकडून, बरेचदा वेगवेगळी ऐकून, जुळवावी लागली.

आधीची अडीच वर्षं

सुरुवात नेहमीसारखीच. धार बारीक झाली, लघवी सुरू व्हायला वेळ लागू लागला, होऊन गेली तरी काही उरल्यासारखं वाटे. रात्री एकदा उठणारे नाना तीन-चारदा उठू लागले. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, बार्ली झाली. अशा पाण्याने लघवीचं प्रमाण वाढतं, अडथळा जागचा हलत नाही. खेपा तेवढ्या वाढल्या.

बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. ज्यांनी असं घर पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं की इथे रात्री लघवीला उठणं ही तुमची एकट्याची गोष्ट राहत नाही. कडी काढल्याचं शेजारच्या दोन-तीन खोल्यांना कळतं. उकाड्याच्या दिवसांत पॅसेजमध्ये पथाऱ्या पसरलेल्या असतात, त्या ओलांडत जायचं. अशाच एका रात्री शेजारचा पोरगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, 'काय मामा, पहाऱ्याला ठेवलंय का तुम्हाला?' पोरगा चांगला आहे, नानांनाच मामा म्हणत मोठा झालेला. पण त्या रात्रीपासून नाना जाग आली तरी पडून राहू लागले, पॅसेज निजेपर्यंत. मग संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलं. पुढे दुपारच्या जेवणानंतरच बंद.

रोखून धरणं त्यांना नवीन नव्हतं. बस चालवणाऱ्याला ट्रिप संपेपर्यंत उतरता येत नाही आणि ट्रॅफिकमध्ये ट्रिप कधी संपेल याचा भरवसा नसतो. सकाळी अर्धा कप चहा, पाणी शेवटच्या स्टॉपवर. शरीराने तीस-पस्तीस वर्षं हे निमूटपणे ऐकलं होतं. ते आताही ऐकेल असं नाना धरून चालले.

पंचगिरी सुटली ती यातच. कबड्डीच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन अर्ध, मध्ये ५ मिनिटांचं मध्यंतर. स्पर्धेच्या रात्री सामन्यामागून सामना लागतो. पंचाला मैदान सोडून जाता येत नाही. एका सामन्यात, उत्तरार्ध संपत आलेला असताना, चढाई करणाऱ्याचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला की नाही यावरून गलका झाला. एरवी नानांनी खेळ थांबवला असता, बाजूच्या पंचाला विचारलं असतं. त्या क्षणी त्यांना एवढंच हवं होतं की सामना संपावा. त्यांनी हात वर करून गुण दिला. गुण बरोबर होता की नाही हे त्यांना आजही सांगता येत नाही. हा प्रसंग त्यांनी मला फार उशिरा सांगितला, आणि लघवी तुंबल्याचं सांगताना जेवढा आवाज खाली गेला नव्हता तेवढा तेव्हा गेला. पुढच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी कळवलं : गुडघे साथ देत नाहीत.

मग बदलापूर. दादरहून लोकलने तास-सव्वा तास, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. आधी दर रविवारी नातीकडे जाणारे नाना महिन्यातून एकदा जाऊ लागले, मग सणावारी, मग तेही नाही. कारण पुन्हा गुडघे, आणि गाडीची गर्दी. मुलाने बदलापूरला घर घेतलं तेव्हा थोडी बोलाचाली झाली होती, 'एवढ्या लांब कोण येणार' वगैरे. त्यामुळे सुनेने सरळ हिशोब मांडला की मामंजी रुसलेत. ती फोन करायची, नाना तुटक बोलून वहिनींकडे फोन द्यायचे. तुटक बोलण्याला कमी ऐकू येण्याचंही कारण होतं, पण ते तिला कसं कळणार?

गुडघ्याचा मात्र पुरेपूर इलाज झाला. एक्स-रे, मलम, नी-कॅप, कुणीतरी सांगितलेलं तेल. गुडघे थोडे झिजलेले होतेच, या वयात बहुतेकांचे असतात. खोटं कारण खऱ्या दुखण्यावर उभं होतं, म्हणून ते इतके दिवस टिकलं.

तुंबण्याची रात्र

जानेवारीत सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून सर्दीची गोळी आणली, दिवसभरात तीन घेतल्या. अशा बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन असतं. पहिल्याने मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, दुसऱ्याने मूत्राशयाच्या तोंडाशी आणि त्याखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत असलेले स्नायू आवळतात. धडधाकट तरुणाला हे जाणवतही नाही. नानांची वाट आधीच अरुंद झालेली होती.

रात्री दोनच्या सुमारास ओटीपोट दगडासारखं झालं. तीनदा पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन आले, थेंब नाही. चौथ्यांदा उठता येईना तेव्हा वहिनी जाग्या झाल्या. त्या सांगतात, 'ह्यांनी मला उठवलं नाही हो. मीच कण्हण्याने उठले.' टॅक्सीतून रुग्णालय. नळी घातल्यावर सुमारे ९०० मिली लघवी निघाली. एरवी ३०० ते ४०० मिली साठली की माणसाला जोराची लागते. नाना म्हणतात, आयुष्यात इतकं सुख कशानेच वाटलं नव्हतं. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन सुरू झालं, तिसऱ्या दिवशी नळी काढली, लघवी आपोआप झाली, घरी सोडलं.

तपासणी

प्रोस्टेटच्या त्रासासाठी सात प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. तुंबण्याच्या आधीचा महिना आठवून नानांनी उत्तरं दिली तेव्हा बेरीज २३ आली. यादीत आठवा प्रश्न असतो, त्याचे गुण वेगळे धरतात : उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? नाना म्हणाले, 'वाटायचंय काय त्यात? वय झालं.'

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे उत्तर. कारण 'वय झालं' हे नाना सरसकट म्हणत नव्हते. केस पांढरे झाले ते त्यांनी मान्य केलं नव्हतं; दर पंधरा दिवसांनी कलप लागत होता, डोक्याला खाज सुटली तरी. गुडघ्याशी त्यांचं युद्ध चालू होतं. पोट दिसू नये म्हणून शर्ट बाहेर सोडणं सुरू झालं होतं. आणि लघवी, कान, पायांतली गेलेली ताकद, म्हणजे ज्यांच्यावर खरोखर काही करता येतं, ती खाती त्यांनी वयाच्या नावावर टाकून बंद केली होती. बाकीच्यांना सांगायला गुडघा, कारण गुडघा मैदानावर जातो, त्यात मान आहे. लघवीत तो नाही. साठीच्या आसपासच्या पुरुषांत ही उलटी वाटणी मला वारंवार दिसते. बायका पाळी, बाळंतपण, पाळी जाणं या वाटेने शरीराच्या बदलांबद्दल कुणाशी ना कुणाशी बोलत आलेल्या असतात. पुरुषांवर अशी वेळ पहिल्यांदा येते तीच प्रोस्टेटच्या निमित्ताने, आणि तोवर बोलायची सवय लागलेली नसते.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम. तरुण माणसात ती साधारण २० च्या आसपास असते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात ११० मिली उरत होती. धारेचा वेग सेकंदाला ९ मिली. १५ च्या वर असेल तर आम्ही निश्चिंत असतो. साखर काठावर. बोटाने करायच्या तपासणीला त्यांनी पहिल्या वेळी नाही म्हटलं, दुसऱ्या वेळी यूरोलॉजिस्टकडे करून घेतली.

पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी लगेच केली नाही. लघवी तुंबली, नळी घातली, की तो आकडा काही काळ उगाचच वाढलेला येतो आणि माणूस नाहक कॅन्सरच्या भीतीत पडतो. नानांना ती भीती आधीपासूनच होती. गावाकडच्या चुलतभावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता, आणि आपल्यालाही तेच असेल तर कळूच नये, असा त्यांचा विचार होता. सहा आठवड्यांनी तपासली, २.८ आली, म्हणजे ठीक. प्रोस्टेटची वयानुसार होणारी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि त्या वाढीचं रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून तपासायचं. साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली सापडते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही.

ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या भोवती असते, वाढली की मार्ग आवळते, आणि मूत्राशयाला जोर लावावा लागतो, हे कागदावर काढून दाखवलं. नानांनी चित्र फिरवून पाहिलं आणि म्हणाले, 'म्हणजे इंजिन ठीक आहे, सायलेन्सर चोंदलाय.' पुढे आम्ही दोघं त्याच भाषेत बोलत राहिलो. फार दिवस दुर्लक्ष झालं तर इंजिनही थकतं, हे समजावायला त्याचा उपयोग झाला.

यूरोलॉजिस्टचं मत : आधी औषध. टॅमसुलोसिन स्नायू सैल करतं, त्याचा फरक काही दिवसांत कळतो. ग्रंथी मोठी असल्यामुळे सोबत ड्युटास्टेराइड, जे ग्रंथी लहान करतं पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. या गोळीने पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून पुढच्या रिपोर्टवरचा आकडा दुप्पट धरून वाचायचा. ज्या कुणाकडे रिपोर्ट दाखवाल त्याला गोळीचं नाव सांगायचं, हे मी नानांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याच्या खाली दुसरी ओळ मोतीबिंदूची. त्यांना तो धरू लागला आहे, आणि टॅमसुलोसिनमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी राहत नाही. गोळी बंद केलेली असली तरी डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

गोळी बंद

दुसऱ्या भेटीत वहिनींनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. 'बघा तुम्हीच. ह्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत.' टॅमसुलोसिनच्या दहापैकी आठ गोळ्या जागच्या जागी. नाना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. चक्कर येते का? नाही. मळमळ? नाही. मग? 'काही नाही, विसरलो.'

वहिनींना मी जरा बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावरही मिनिटभर कॅलेंडरच. मग म्हणाले, 'डॉक्टर, सगळं कोरडं झालं.'

टॅमसुलोसिनचा हा माहीत असलेला परिणाम आहे. मूत्राशयाचं तोंड सैल राहतं, त्यामुळे वीर्य बाहेर यायच्या ऐवजी मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं, किंवा मुळात कमी तयार होतं. अपाय काही नाही, गोळी थांबली की पूर्ववत होतं. पण रुग्णालयाच्या गर्दीच्या वॉर्डात, नळी लावलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला हे सांगायचं कुणाच्या मनात आलं नसावं. या वयात त्याला काय करायचंय, असं आपण सगळेच धरून चालतो, डॉक्टरही. नानांनी आपल्यापुरता अर्थ लावला की ती रात्र पुरुषपण घेऊन गेली. त्यांना गोळी सोडणं परवडलं, पुन्हा तुंबण्याचा धोका पत्करून.

'म्हणजे बिघडलं नाहीये?' त्यांनी दोनदा विचारलं.

अल्फुझोसिन हे त्याच जातीचं औषध आहे आणि त्यात हा परिणाम बराच कमी दिसतो. पर्याय समोर ठेवला, त्यांनी तो घेतला. ड्युटास्टेराइडने काहींची इच्छा कमी होते, ताठरतेवरही परिणाम होतो, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं. नाना म्हणाले, 'सांगितलंत ते बरं झालं. आता झालं तर गोळीमुळे झालं असं तरी म्हणता येईल.' हे वहिनींना तुम्हीच सांगा असा त्यांचा आग्रह होता. मी नकार दिला. पुढे वहिनी एकट्या रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, 'मला कळलं होतं. मी कशी विचारणार?'

याच ओघात एक प्लास्टिकची बाटलीही निघाली, ताकदीच्या चूर्णाची. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींवरून आणलेली. अशा चुर्णांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांबरोबर ते पोटात गेलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो, आणि रात्री अंधाऱ्या पॅसेजमध्ये उठणाऱ्या माणसाला चक्कर म्हणजे मांडीचं हाड. बाटली माझ्याकडेच राहिली.

पाय, केस, पाणी

स्नायू तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर वेग वाढतो. नानांना ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजलं : ११. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला किमान १४ जमायला हवेत. ३० सेकंद म्हणजे कबड्डीतल्या एका चढाईची वेळ, हे त्यांनीच बोलून दाखवलं, आणि तिथून मला फारसं काही करावं लागलं नाही. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवर बसा-उठायचा, जिन्याच्या पायरीचा आणि टाच उचलायचा व्यायाम दिला. नाना चाळीच्या जिन्यावर घड्याळ लावून करू लागले, पोरं मोजायला उभी राहू लागली. तीन महिन्यांनी १५ झाले. गुडघ्याचं दुखणं त्यातच निम्म्यावर आलं, कारण मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार घेतात.

पाण्याचं वेळापत्रक बदललं. सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर, झोपण्याआधी दोन-तीन तास बंद, संध्याकाळचा दुसरा चहा गेला. लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही. रात्रीसाठी खोलीत युरिनल पॉट ठेवा म्हणून सुचवलं, ते त्यांनी साफ उडवून लावलं. १६० चौरस फुटांत नवरा-बायको असताना ते का नको हे मला समजतं, आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

कलप लावणं त्यांनी सोडावं असं मला कधी वाटलं नाही. खाज बहुधा कलपातल्या पॅरा-फेनिलीन-डायअमीनची होती. ब्रँड बदला, आधी कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा, एवढंच सांगितलं. काळे केस त्यांना आवडतात, विषय संपला. शरीराने केलेला प्रत्येक बदल हसतमुखाने स्वीकारलाच पाहिजे असा जो उपदेश म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांना केला जातो, तो मला जाचक वाटतो.

बदलापूर

पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा आम्ही आराखडा केला होता : निघण्याआधी जाऊन यायचं, धीम्या गाडीने जायचं, ठाण्याला उतरायचं, स्टेशनवरच्या शौचालयात जायचं, मागून येणारी बदलापूर पकडायची. नाना त्या दिवशी ठाण्याला उतरले. पुढच्या खेपेला उतरले नाहीत, पण उतरता येतं हे माहीत होतं.

सुनेला खरं कारण वहिनींनी सांगितलं. सगळं निवळेल अशी मुलाची अपेक्षा होती. ती रागावली. 'अडीच वर्षं मी स्वतःला विचारत होते की माझं काय चुकलं. एक शब्द टाकला असता तर?' मला तिचं पटतं. लपवणाऱ्याला वाटतं की आपण फक्त आपलं काहीतरी लपवतोय. पण त्याच्या गप्प राहण्याने जी जागा रिकामी पडते ती घरातला दुसरा माणूस आपल्या समजुतीप्रमाणे भरतो, आणि बहुतेक वेळा स्वतःला दोष देऊन भरतो. नाना तिच्याशी यावर थेट बोललेले नाहीत. नातीला शाळेतून आणायचं काम मात्र त्यांनी बदलापुरातल्या मुक्कामात आपल्याकडे घेतलं आहे, आणि सून ते त्यांना करू देते.

सध्या

सात प्रश्नांची बेरीज ९. रात्री एकदा उठणं, कधी दोनदा. लघवीनंतर उरणारं प्रमाण ४० मिली. शस्त्रक्रियेची गरज आज नाही. पुन्हा तुंबली, वारंवार संसर्ग झाला किंवा उरणारी लघवी वाढत गेली तर दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेचा विचार होईल, आणि तो शब्द ऐकून नाना आता उठून जात नाहीत.

पंचगिरी लहान गटापासून सुरू केली आहे, सकाळच्या सामन्यांना, एक सामना सोडून एक. आयोजकांना कारण त्यांनी अजून गुडघ्याचंच सांगितलं आहे. त्याला माझी हरकत नाही. डॉक्टरला आणि घरच्यांना खरं कारण माहीत आहे, मंडळाला ते कळायची गरज नाही.

कानाची तपासणी त्यांनी दोनदा पुढे ढकलली. लोकच पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या पीएसएच्या वेळी वहिनीही सोबत येणार आहेत. तेव्हा कानाचा कागदही लिहून देईन.